घोडा कुणाचा मेला?

म्युनिक,
२३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मिहीर हुंदके देत होता आणि तू विचारलंस, "काय झालं पोराला?" मी म्हटलं, "घोडा मेला," आणि तेवढ्यात नेट गेलं. नंतर काकांनी ग्रुपवर "कुणाचा घोडा? विमा होता का?" असं विचारलं. ते वाचून आम्ही इतके हसलो की खुलासा करायचा राहूनच गेला. तो फोनवर होण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र. तुला अजून पोस्टमनची वाट बघायला आवडते, हेही एक कारण.

तर घोडा सिनेमातला. नाव आर्टाक्स. इथे मिशाएल एंडे नावाचे लेखक होऊन गेले. त्यांचं 'न संपणारी गोष्ट' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक १९७९ साली आलं. इथल्या प्रत्येक घरात त्याची एक तरी प्रत असतेच असं वाटावं, इतकं ते मुरलंय. बास्टियान नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक चोरतो, शाळेच्या माळ्यावर लपून वाचत बसतो आणि वाचता वाचता त्या गोष्टीत ओढला जातो. तुला छपाईचं कौतुक, म्हणून सांगते: आपल्या जगातला मजकूर लाल शाईत, गोष्टीतल्या जगाचा हिरव्या. प्रकरणं सव्वीस, आणि एकेक प्रकरण एकेका अक्षराने सुरू होतं, ए पासून झेडपर्यंत. पहिलं अक्षर पानभर नक्षीचं. तू असतीस तर आधी गोष्ट न वाचता नुसती पानं उलटून बघितली असतीस.

त्यावर १९८४ साली सिनेमा निघाला. आमच्या घरापासून ट्रामने जाता येईल अशा गायझेलगास्टाइगच्या स्टुडिओत बराचसा झाला. दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसन. जर्मनीत तोवर इतका खर्चिक सिनेमा कुणी काढला नव्हता. मिहीरने तो मित्राच्या वाढदिवसाला बघितला. आठ पोरं, पिझ्झा आणि हा सिनेमा. त्यात अत्रेयू नावाचा शूर मुलगा आपल्या पांढऱ्या घोड्याला घेऊन दुःखाच्या दलदलीतून निघतो. जो खिन्न होतो तो त्या चिखलात बुडतो. घोडा थांबतो. मुलगा लगाम ओढतो, ओरडतो, विनवतो. घोडा नुसता बघत राहतो आणि चिखल गळ्यापर्यंत येतो. बस्स. त्या मित्राच्या आईने सांगितलं की आठपैकी पाच पोरं रडली आणि उरलेल्या तिघांनी एकदम बाथरूमला जायची परवानगी मागितली. चाळीस वर्षं झाली, इथल्या माझ्या वयाच्या कुणालाही "आर्टाक्स" म्हणून बघ, माणूस क्षणभर गप्प होतो.

मला वाटलं, एवढा जीव लावणारा सिनेमा, म्हणजे सगळ्यांचा लाडका असणार. कसलं काय! खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे कॉफीला गेले होते, तिथे सहज विषय काढला आणि नवरा-बायकोत जुंपली. बाईंनी पुस्तक लहानपणी वाचलेलं, ते सुटं झालेलं पुस्तक अजून चिकटपट्टी लावून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "पुस्तकातला बास्टियान जाडा आहे. बुटका, जाडा, खेळात शेवटचा, वर्गातली पोरं त्याला छळतात. मीही तशीच होते. चौदा वर्षांची असताना मी थिएटरात गेले आणि पडद्यावर एक सडपातळ, गोंडस अमेरिकन मुलगा आला. तिथेच माझा सिनेमा संपला." हे सांगताना त्या बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवत होत्या, पण स्वतः एकही घेतलं नाही. नवऱ्याने पुस्तक वाचलेलंच नाही. त्याच्या लेखी, संगणक हाताशी नसताना म्युनिकच्या कारागिरांनी अख्खा ड्रॅगन आणि दगड खाणारा राक्षस उभा केला, हॉलिवूडला दाखवून दिलं, अजून काय हवं? दोघांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत आणि हे भांडण दर नाताळात टीव्हीवर सिनेमा लागला की होतं म्हणे.

सगळ्यात जास्त चिडले होते ते खुद्द लेखक. एंडेंनी कथेची वाट लागतेय असं दिसल्यावर सांगितलं की काम थांबवा, नाहीतर सिनेमाचं नाव बदला. कुणी ऐकेना, तेव्हा ते कोर्टात गेले आणि हरले. सिनेमाला त्यांनी जे म्हटलं ते इथे अजून पाठ आहे लोकांना: भपका, धंदा, मखमल आणि प्लास्टिक यांचा अवाढव्य मेलोड्रामा. आपल्याकडच्या कुणा लेखकाने निर्मात्याला असं जाहीर सुनावलं असतं तर तू पेढे वाटले असतेस.

मी पुस्तक आणि सिनेमा शेजारी ठेवून बघितलं. (जर्मन सुधारतं, हा बहाणा.) एंडेंचा सुदैवी ड्रॅगन फुखुर म्हणजे शिंपल्याच्या आतल्या रंगाचे खवले, सिंहासारखं तोंड, माणकासारखे लाल डोळे, पंख नाहीत, आणि आवाज घंटेच्या घुमण्यासारखा. सिनेमातला फुखुर म्हणजे लांबच लांब पांढरं कुत्रं. कान खाजवले की डोळे मिटतो. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू! पण स्फिंक्सचं दार बघ. पुस्तकात दोन स्फिंक्स समोरासमोर बसलेल्या असतात आणि त्यांच्या नजरेतून जगातली सगळी कोडी बाहेर पडतात. ज्याच्यावर ती नजर पडली तो जागच्या जागी थिजतो, आणि सगळी कोडी सुटेपर्यंत तसाच राहतो. कुणाला जाऊ देतात, कुणाला नाही, याला नियम नाही. सिनेमात काय, तर डोळ्यांतून किरण सुटतो आणि माणूस जळतो. लेखकाच्या जागी मी असते तर मीही वकील गाठला असता.

हे सगळं वाचताना मला राहून राहून तू आठवत होतीस. १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागायचं ना? अख्खी आळी आपल्याकडे. मी पाटावर बसून डोळे विस्फारून बघायचे, आणि तू मागे गहू निवडत बसलेली. तुझं एक वाक्य ठरलेलं: "हा कसला वेताळ, हा कापूस चिकटवलेला म्हातारा!" तुझा वेताळ 'चांदोबा'तला होता. शंकर यांनी काढलेलं ते चित्र: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. तू ते चित्र दाखवायचीस आणि म्हणायचीस, "बघ, राजाचं पाऊल बघ, घाबरलेल्या माणसाचं पाऊल असं पडतं का?" मला काही केल्या पटायचं नाही. माझा वेताळ कापसाचाच होता, आणि तो हसला की माझ्या अंगावर काटा यायचा. तुझं चुकतंय असं मला वाटायचं, आणि माझी दया येतेय असं तुझ्या चेहऱ्यावर दिसायचं.

आता तोच खेळ या घरात उलटा सुरू आहे. सिनेमा झाल्यावर मी मिहीरला पुस्तक आणून दिलं आणि रोज झोपताना आम्ही एक प्रकरण वाचायला लागलो. दलदलीचं प्रकरण आलं तेव्हा मी त्याला जवळ घेतलं, रुमालही काढून ठेवला. तर काय, पुस्तकात घोडा बोलतो! व्यवस्थित बोलतो. मला प्रत्येक पावलाला जास्त उदास वाटतंय, मला सोडून तू पुढे जा, माझा शेवट तू बघू नकोस, असं अत्रेयूला समजावून सांगतो. मिहीर ताडकन उठून बसला. "हे चूक आहे. आर्टाक्स बोलत नाही!" मी म्हटलं, अरे, हे मूळ आहे, सिनेमा नंतरचा. "मूळ चुकलंय," असा निकाल देऊन साहेब भिंतीकडे तोंड करून झोपले.

आणि आत्या, मला मनातून त्याचं पटलं. त्या एका जागी सिनेमावाल्यांनी लेखकावर मात केली आहे. बोलणारा घोडा निरोप घेतो, मुकं जनावर घेत नाही. ते का थांबलं हे मुलाला कळत नाही, आणि म्हणून तो ओढत राहतो. आपल्या तांबूने पावसाळ्यात चारा सोडला होता तेव्हा काका गोठ्यात तसेच बसून होते, आठव.

ही एक गोष्ट सोडली तर मात्र मी खालच्या बाईंच्या बाजूची. कारण ड्रॅगन कुत्र्यासारखा केला, मुलगा बारीक केला, याहून मोठं काम त्या सिनेमाने केलंय: त्याने निम्मंच पुस्तक घेतलं. अक्षरांत सांगायचं तर ए ते एल. बास्टियान गोष्टीतल्या जगाच्या राणीला नवं नाव देतो, बुडालेलं जग वाचतं, आणि मग तो फुखुरवर बसून आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या पोरांच्या मागे लागतो. टाळ्या. पडद्यावर आर्टाक्ससुद्धा जिवंत होऊन दौडताना दिसतो. पुस्तकात ती पोरांना पळवण्याची करामत नाहीच.

पुस्तक खरं सुरू होतं ते एम पासून. बास्टियान त्या जगात जातो आणि हवं ते मागू लागतो. देखणा कर, होतो. बलवान कर, होतो. पण प्रत्येक इच्छेमागे त्याची एक आठवण जाते. जाडा होतो हे विसरला, मग आपण कधी घाबरट होतो हेही विसरला. पुढे एक गाव लागतं, तिथे सगळ्या आठवणी संपलेली माणसं अक्षरांचे फासे टाकत बसलेली असतात, चुकून एखादी गोष्ट जुळेल म्हणून. शेवटी बास्टियान एका खाणीत उतरतो. तिथे विसरलेली स्वप्नं चित्रांच्या रूपात पुरलेली आहेत. रोज अंधारात खणून खणून त्याच्या हाती एक चित्र लागतं: पांढरा कोट घातलेला एक माणूस, हातात प्लास्टरचा दातांचा साचा, आणि तो माणूस बर्फाच्या पारदर्शक ठोकळ्यात गोठलेला. बास्टियान त्याला ओळखत नाही. ते त्याचे वडील असतात, दातांच्या कवळ्या बनवणारे. बायको गेल्यापासून मुलाशी धड न बोललेले. मिहीरने विचारलं, "त्याला बाबासुद्धा आठवत नाही?" मी पुढे वाचू शकले नाही, पाणी प्यायला उठले. १९९० साली दुसरा सिनेमा काढून त्यांनी हा आठवणींचा भाग थोडाफार वापरला, पण हे दातांचं चित्र पुस्तकातच बघावं. (परवा मला 'फुंकणी' हा शब्द दहा मिनिटं आठवत नव्हता. मिहीरच्या बाबांना सांगू नकोस.)

आपल्या चिनूचंही आठवलं. हॅरी पॉटरचा चौथा सिनेमा बघून आला आणि रात्री जेवला नाही, कारण पुस्तकात हेडमास्तर शांतपणे प्रश्न विचारतात आणि सिनेमात धावत येऊन हॅरीला गदागदा हलवतात. आपण त्याला हसलो होतो. त्याचं लाडकं पीव्ह्ज भूत तर आठही सिनेमांत नाही. पहिल्यासाठी रिक मेयॉल या नटाला घेऊन त्याचे प्रसंग चित्रित केले आणि मग कापून टाकले. त्याला माझ्या वतीने सॉरी सांग. 'मेरी पॉपिन्स'च्या लेखिका १९६४ साली सिनेमाच्या पहिल्या खेळाला रडल्या होत्या, त्यामानाने एक वेळचं जेवण म्हणजे काहीच नाही.

मागच्या शनिवारी मिहीरला स्टुडिओ दाखवायला नेलं. तिथे फुखुरवर बसता येतं. मागे रंगीत पडदा आणि समोरच्या टीव्हीवर आपण ढगांतून चाललेलो. तो दोनदा बसला. मीही एकदा बसले, फोटो पाठवणार नाही. दुसऱ्या दिवशी न्याय म्हणून ब्लूटेनबुर्गच्या गढीत गेलो. तिथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय आहे, १९४९ पासूनचं, जगभरच्या मुलांच्या पुस्तकांचं, आणि त्यातच एंडेंचं छोटं संग्रहालय. तू वाचनालयात मुलांच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरायचीस, तुला तिथे सोडलं तर तू संध्याकाळी सापडणार नाहीस. मराठी पुस्तकं आहेत का हे विचारायचं राहिलं, पुढच्या खेपेला विचारते.

एक काम आहे. डिसेंबरात चिनूचा मित्र इकडे येतोय, त्याच्याबरोबर माळ्यावरचे 'चांदोबा'चे बांधलेले अंक पाठव. सगळे नकोत, वजन होईल. ज्यात वेताळाचं ते चित्र ठळक आलंय असे दोन-तीन निवड. मिहीरने यूट्यूबवर भलतंसलतं बघायच्या आत त्याच्या हातात ते चित्र पडावं अशी माझी फार इच्छा होती.

'होती' म्हणते, कारण पत्र इथवर लिहून झाल्यावर आत डोकावले तर स्वारी टॅबलेट घेऊन पांघरुणात. मला बघून म्हणाला, "आई, हा कापसाचा आजोबा बघ ना, राजाच्या पाठीवर बसलाय. कसला भारी आहे!"

अंक तरी पाठवच. काकांना नमस्कार. त्यांना सांग, विमा नव्हता.

तुझी,
मनू