चौदा महिन्यांच्या बाळाला क्लास कशाला?

संपादक महोदय, नमस्कार.

रविवारच्या पेपरात घालून आलेल्या पत्रकावर "६ महिन्यांपासून ब्रेन डेव्हलपमेंट" वाचलं आणि राहवलं नाही, कारण असल्याच एका क्लासला आमचा नातू दोन महिने जातोय. वय महिने १४.

दोनदा मीही सोबत गेले. ताई भराभर कार्डं दाखवतात, हत्ती, उंट, ऑरेंज, ट्रँगल, एकेक कार्ड सेकंदभरसुद्धा नाही, आणि आमचे चिरंजीव शेजारच्या बाळाच्या बुटाची वेल्क्रोची पट्टी चर्रकन उघडायची, हसायचं, परत चिकटवायची, परत उघडायची, यात रंगलेले. ताईंनी बूट काढून घेतला! अहो त्या तासाभरात शिकणं काय ते तेवढंच चाललं होतं.

घरी विषय काढला तर सून म्हणते, आई, पहिल्या तीन वर्षांत मेंदू सगळ्यात जोरात वाढतो, अमेरिकेत सिद्ध झालंय. वाढतो ना, कोण नाही म्हणतंय. पण अमेरिकेतलंच सांगायचं तर २०१४ साली ९ ते १८ महिन्यांच्या ११७ बाळांवरचा प्रयोग छापून आला, बाळांना वाचायला शिकवणाऱ्या डीव्हीडींचा. बाळं काही वाचायला शिकली नाहीत, आईबापांना मात्र वाटत होतं शिकली! आणि त्याआधी २००३ मध्ये इंग्रजी घरांतल्या ९ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस बसवलं, गोष्टी-खेळ असे १२ वेळा, तर बाळांना चिनी आवाजातले फरक कळायला लागले, तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच नाही. म्हणजे समोर माणूस हवं. ते आमच्याकडे आहे की, मराठी बोलणारी मी, गुजरातीत लाड करणाऱ्या शेजारच्या बा, आणि रोज "छोटे सेठ" म्हणून हाक मारणारा भाजीवाला. फी शून्य.

क्लासवाले ज्या अमेरिकेचा दाखला देतात तिथे १९७२ पासून गरीब घरांतल्या तान्ह्या बाळांना दिवसभर, थेट शाळेत जाईपर्यंत सांभाळलं, शिकवलं, त्याचा फायदा मोठेपणीही दिसला हे खरंच आहे. पण ते आठवड्यातून दोन तासांच्या एसी क्लासला कसं लागू होतं? नोकरी करणाऱ्या बायकांना चांगलं पाळणाघर हवंच, तो विषयच निराळा.

आणि हे कुठे, तर बडोद्यात! सयाजीराव महाराजांनी १९०६ ला अख्ख्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं, तेही सातव्या वर्षापासून. बालशिक्षणाचं काम करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक भावनगरच्या बालमंदिरात लहानग्यांना शिकवायचे पण ती चालती-बोलती मुलं, आणि काम सगळं हातानं करायचं. आत्ताही गुजरातमध्ये पहिलीला ६ पूर्ण लागतात, मग सहाव्या महिन्यापासून कसली घाई झालीय?

एक मात्र कबूल करते. सून नोकरी सोडून सातव्या मजल्यावर दिवसभर बाळाबरोबर एकटी असते, मी दांडिया बाजारात, रोज जाणं होत नाही. क्लासमध्ये तिला दोन मैत्रिणी मिळाल्या, एकीचं बाळ रात्रभर जागं राहतं हे ऐकूनच हिला निम्मं बरं वाटलं. त्यासाठी फी भरायची तर खुशाल भरा, फक्त पाटीवर "आयांचा क्लास" लिहा, बाळाच्या मेंदूच्या नावावर घेऊ नका. आणि आपणही असली पत्रकं पेपरात घालताना जरा वाचून बघाल का?

परवा तो माझ्याकडे होता तर मी मटार सोलत बसलेले. त्यानं एक दाणा चिमटीत धरला, डावात टाकला, डाव उपडा केला, दाणा गेला पलंगाखाली. मग दुसरा. असे पंधरा-वीस मिनिटं, मी नुसती "गेला! गेला कुठे?" म्हणत होते तर शेवटी तोच म्हणाला, "गेआ!" सुनेला फोनवर ऐकवलं तर ती खूप हसली. फीचा पुढचा हप्ता ५ तारखेला आहे, अजून तिचं काही ठरलेलं नाही.

– एक आजी, दांडिया बाजार, बडोदा