चि. निनादला, परवाच्या फोननंतर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद. परवा तू पाणबुडीसाठी नाव दिलंय म्हणालास आणि मी फोन आईच्या हातात देऊन बाहेर गेलो, चुकलं माझं ते. राग नव्हता रे. पडवीत येऊन बसलो आणि डोक्यात ती हनली नावाची जुनी पाणबुडीच फिरत राहिली.

तुला बोललो नव्हतो. ताईच्या बाळंतपणाला अमेरिकेत होतो तेव्हा जावईबापूंनी एका शनिवारी चार्ल्सटनला नेलं, बाबांचं आयुष्य लेथवर गेलं म्हणून बघायला आवडेल त्यांना, असं म्हणून. मोठ्या टाकीत रसायनाच्या पाण्यात ठेवलीय ती, लोखंडात मुरलेलं मीठ निघावं म्हणून. ८ ऑगस्ट २००० ला समुद्रातून वर काढली तरी ते काम अजून सुरूच. जेमतेम ४० फूट लांब. इंजिन नाही, ७ माणसं ओळीत बसून हाताने क्रँक फिरवणार तेव्हा मागचा पंखा फिरणार, आठवा पुढे राहून दिशा सांभाळणार. त्यांच्या यादवी युद्धातली, दक्षिणेकडच्यांची, १८६३ ला मोबाईल नावाच्या गावात बनवून रेल्वेने आणलेली. रिव्हेटचं एकेक डोकं पत्र्याच्या सपाटीत बसवलेलं, पाणी कुठे अडू नये म्हणून. त्या काळात असं काम! मी बघतच राहिलो.

पण निनाद, ती आधी दोनदा बुडली होती. १८६३ च्या ऑगस्टमध्ये ५ गेले, ऑक्टोबरमध्ये आठच्या आठ, त्यात होरेस हनली स्वतः, ज्याचं नाव तिला आहे तो. दोन्ही वेळा वर काढली, आतून साफ केली, आणि तरी पुन्हा ८ जण आत जाऊन बसले. आपणहून. तुझ्यासारखेच. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री पुढच्या लांब दांडीला दारूचा टॉर्पेडो लावून त्यांनी हाउसाटॉनिक बुडवलं, पाणबुडीने शत्रूचं जहाज बुडवल्याची जगातली पहिली वेळ ती, आणि परत आलेच नाहीत. १९९५ ला सापडली, तब्बल १३१ वर्षांनी.

आतला गाळ उपसला तेव्हा आठही जण आपापल्या जागेवर होते. झाकणाकडे कुणी धावलेलं नाही. तळाला आतून सोडता येणारी वजनं होती, तीही सोडलेली नाहीत. स्फोटाच्या धक्क्यानेच गेले म्हणतात, हवा संपली असंही म्हणतात. मी टाकीपासून हलेना, ताईला वाटलं माझा गुडघा दुखतोय.

तुला आंगणेवाडीची जत्रा आठवते? सात वर्षांचा होतास, "इथून हलू नको" सांगून मी गेलो आणि गर्दीत अडकलो, दोन तासांनी आलो तर सावली कुठच्या कुठे सरकलेली आणि तू भर उन्हात त्याच दगडापाशी उभा, का तर बाबांनी सांगितलं होतं. ही गोष्ट मी वीस वर्षं सगळ्यांना कौतुकाने सांगत आलोय. आता तीच मला झोपू देत नाही.

म्हणून सांगतो, आत गेलास की पहिल्यांदा वाट कुठे आहे ते बघून ठेव, अंधारात नुसत्या हाताने चाचपून झाकण सापडलं पाहिजे, कोण काय म्हणेल म्हणून विचारायचं राहू नको, आणि वर चला म्हणाले की एक सेकंद पण... असो. परत तेच सुरू झालं माझं. माफ कर, तुझे साहेब हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील आणि तू शिकशील. अख्ख्या वाडीत पाणबुडीत जाणारा पहिला तू, काकाला मी काल हे सांगितलं तेव्हा आवाज जरा चढलाच होता माझा.

त्यांच्या कप्तानाच्या, डिक्सनच्या, अंगावर एक वाकलेलं सोन्याचं नाणं सापडलं. १८६२ च्या शायलोच्या लढाईत गोळी त्या नाण्यावर बसली म्हणून तो वाचला होता, आणि त्याने त्यावर कोरून घेतलं होतं, माझा जीव वाचवणारं. आई आता रामेश्वराच्या अंगाऱ्याची पुडी बांधतेय, कुळथाच्या पिठात ठेवून कुरिअर करणार आहे. एरवी मी काहीतरी बोललो असतो. तू ती खिशात ठेव.

आणि ते एस्केपचं ट्रेनिंग म्हणालास ते कोर्सच्या सुरुवातीला असतं की शेवटी? साडेदहानंतर फोन कर, आई झोपलेली असते, मी जागा असतो.

तुझा,
बाबा