शुक्रवारचं हुमूस: येणाऱ्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या शुक्रवारी सकाळी ११ वाजता तेल अवीवच्या कार्मेल बाजारामागे, केरेम हतेमानिममधल्या आपल्या नेहमीच्या खानावळीत हुमूस, म्हणजे काबुली चण्यांचं वाटण, खायला जमायचं आहे. टेबलं मोजकीच, आणि ती राखून ठेवत नाहीत. त्यामुळे कृपया ‘आपली’ वेळ पाळू नका! पातेल्यातलं हुमूस संपलं की शटर खाली. शिवाय शब्बाथमुळे (शुक्रवार संध्याकाळी सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) दुपारनंतर बाजार आवरतो, संध्याकाळच्या आत बहुतेक बसही थांबतात. परतीचं आधीच बघून ठेवा.

शाकाहारींनी निर्धास्त यावं. साबीखमध्ये (पिटा, म्हणजे इथल्या रोटीत भरून देतात) तळलेल्या वांग्यासोबत उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. मसबहा मात्र घ्याच: अख्खे मऊ काबुली चणे, कोमट ताहिनी (तिळाचं वाटण), वर लिंबू-लसूण-मिरचीचं पाणी. चमचा लागत नाही. पिटाने किंवा कच्च्या कांद्याच्या पाकळीने पुसून खायचं. इराकी ज्यूंनी इकडे आणलेलं अंबा, म्हणजे मेथी-हळदीचं कैरीचं लोणचं, टेबलावर असतंच. तेव्हा घरची बरणी आणू नये; जागा कोशेर (ज्यूंचे आहारनियम पाळणारी) आहे, बाहेरचं चालत नाही.

बिल सारखं वाटून, वर १० ते १२ टक्के टिप. सुटे शेकेल आणा.

नावं बुधवार रात्रीपर्यंत कळवा.