तेल किती, तसेच कोणते तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तेल दहा टक्क्यांनी कमी करा, असे आवाहन पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मन की बात'मधून केले. त्याच वर्षी सीबीएसईने शाळांना 'ऑइल बोर्ड', म्हणजे खाण्यातल्या तेलाची माहिती देणारे फलक, लावायला सांगितले. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण चर्चा चमच्यांवरच थांबते; तेल कोणते, हे कुणी विचारत नाही.

पिशवीवर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेले असते. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते, मग त्यात विशेष ते काय? खरा फरक संपृक्त मेदाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) आहे. पामोलिनमध्ये, म्हणजे पातळ पामतेलात, तो साधारण ४० टक्के, तर करडईच्या तेलात १० टक्क्यांच्या आत. संपृक्त मेद वाढला की रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेण्याची यकृताची क्षमता घटते.

आता आतड्याकडे पाहा. मेद पचवायला मदत करणारी पित्ताम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. आतड्यातले जिवाणू त्यांचे रूप बदलतात आणि सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले यकृतात परततात. म्हणजे जिवाणू आणि कोलेस्टेरॉल यांचे नाते रोजचे आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांना दुधाचा स्निग्धांश भरपूर दिला, तेव्हा पित्ताची घडण बदलली, बायलोफिला नावाचा जिवाणू फोफावला आणि आतड्याचा दाह वाढला. तेवढाच मेद करडई तेलातून दिला, तेव्हा तसे झाले नाही. हे उंदीर आतड्याच्या दाहाला मुळातच बळी पडणारे होते, त्यामुळे निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला तर नाहीच. पण मेदाच्या प्रकारानुसार जिवाणू बदलतात, हे त्यातून स्पष्ट दिसते.

त्या प्रयोगात जिचे तेल वापरले, ती करडई आपल्या सोलापूर-लातूर-परभणीच्या काळ्या रानातही पिकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण दिले, तरी तिचा पेरा आटत गेला आणि स्वयंपाकघरात आयात पामतेल शिरले. २०२२ च्या दिवाळीत सरकारच्या 'आनंदाचा शिधा'तही लिटरभर पामतेलच होते. २०२४ च्या गौरी-गणपतीला त्याजागी सोयाबीन तेल आले. ठरवले तर बदल होतो, हे यावरून दिसतेच.

म्हणून शाळेच्या फलकावर पदार्थात तेल किती, यासोबत कोणते तेल आणि त्यात संपृक्त मेद किती, हेही लिहावे. वडे-भजी तळणाऱ्या हॉटेलांनाही तेलाचे नाव दर्शनी लावणे सक्तीचे करावे. आणि शिध्यात पुन्हा तेल द्यायचे झाले, तर मराठवाड्याच्या करडईचा विचार आधी व्हावा.

आपली,
एक वाचक, लातूर