मंत्रिमहोदय, माझी मान वर होत नाही

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री (निवृत्तिवेतन), नवी दिल्ली

विषय : चेहरा पडताळणीने दिला जाणारा हयातीचा दाखला

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या नोव्हेंबरात मी हयात आहे हे सिद्ध करण्यासाठी बँकेत तीन हेलपाटे घातले आणि तिन्ही वेळा नापास होऊन परतलो. ‘पुढच्या वर्षी आम्हीच घरी येऊ, काका,’ हे त्याच काउंटरवर मिळालेले आश्वासन या वर्षी कोणाला आठवतही नव्हते.

माझे वय 76. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्यांच्या संधिवातामुळे माझे मणके एकमेकांना सांधले गेले असून मान पुढे वाकून कायमची आखडली आहे. समोरच्याचे तोंड पाहायचे तर मला गुडघे वाकवून मागे रेलावे लागते. चेहरा टिपणारा बँकेतला मोबाईल मात्र ‘सरळ पाहा’ एवढेच बजावत राहतो. तिथल्या मुलाने शेवटी माझ्या हनुवटीखाली हात घालून मान उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा माझ्या तोंडून निघालेली किंकाळी हयातीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरायला हरकत नव्हती. सुनेने फोन फरशीवर उताणा ठेवला, मी त्यावर ओणवा झालो, तर ट्यूबलाइट पाठीमागे गेल्याने चेहरा काळा आला. हे सतरा वेळा झाले की अठरा, मोजणे मी सोडून दिले.

मान खांद्याकडे कलली असेल तर चित्र फिरवून सरळ करता येते. हनुवटी छातीकडे झुकली की कपाळ मोठे दिसते, डोळे भुवयांखाली जातात, नाकाखालचा भाग आक्रसतो, आणि माझी मान सरळ असतानाच्या जुन्या फोटोशी हा चेहरा जुळत नाही. यावर उपाय सापडलेला नाही असेही नाही. एका छायाचित्रावरून चेहऱ्याचा त्रिमिती साचा उभारण्याची रीत 1999 मध्येच मांडली गेली, 2014 मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी वळलेला चेहरा त्रिमिती साचा वापरून समोरून पाहिल्यासारखा करून दाखवला, आणि माझ्या नातवाचा आयफोन तर चेहरा नोंदवतानाच मान गोल फिरवायला सांगतो. खेळण्यातल्या वस्तूला जमते ते सरकारला का जमू नये? नोंदणीच्या वेळी चार कोनांतून छायाचित्रे घ्यावीत, आणि ज्याची मान हलतच नाही त्याचा कागदी दाखला हुज्जत न घालता स्वीकारावा, एवढेच माझे मागणे आहे.

डिजिटल पडताळणी अपंगांनाही जमेल अशी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी बजावले आहे. त्या याचिका अॅसिडहल्ल्यातील पीडितांच्या आणि एका अंध व्यक्तीच्या होत्या. वाकलेल्या मानेच्या म्हाताऱ्याने आता पुन्हा न्यायालयात जावे, अशी आपली अपेक्षा असावी. इंग्रजांच्या कचेरीत मान खाली घालून उभे राहावे लागे, असे आजोबा सांगत. आपल्या राज्यात ती वर केल्याशिवाय पेन्शन नाही, ही प्रगतीच म्हणायची. रेशन असो, हजेरी असो, जो यंत्राच्या चौकटीत बसत नाही त्याच्यातच खोट आहे असे ही सारी व्यवस्था धरून चालते, आणि चौकट आखणारा कधी रांगेत दिसत नाही.

सोबत वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. त्यावरील छायाचित्र बाजूने काढलेले आहे, कारण समोरून काढले की नुसते टक्कल येते.

आपला,
एक (अद्याप हयात) निवृत्तिवेतनधारक, सातारा