आरोग्याचा पैसा कुठून येतो, कुठे जातो? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याकडे दिलेले आहेत. त्यामुळे उपकेंद्रात गोळ्या संपल्या तर लोकांनी आधी राज्य सरकारलाच विचारायला हवे. पण विचारायला निघालेल्या माणसाला हा दवाखाना नेमका कोणाचा, हेच कळत नाही.

मधुमेहाने पाय चिघळलेल्या एखाद्या शेतमजुराची वाट पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. तिथून त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवले, की तो आपल्या विभागाच्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतो. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवला, की खाते बदलते आणि वैद्यकीय शिक्षण विभाग सुरू होतो. तो शहरात राहत असता, तर मध्ये महानगरपालिकाही आली असती. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या संस्थांमध्ये उपचार मोफत झाले. हा चांगला निर्णय होता, पण तो आपल्या विभागापुरता होता. आजार तोच, माणूसही तोच, तरी दुसऱ्या खात्याचे दार ओलांडले की नियम बदलतो. त्याने हे कसे ओळखावे?

पैशाची गुंतागुंत तर याहून मोठी आहे. पगाराचा मोठा भार राज्याच्या अर्थसंकल्पावर आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांचे आरोग्य अनुदान स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत देण्याची शिफारस केली. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी राज्य विमा योजना वेगळी आहे. तिच्यात मालक वेतनाच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के. शिवाय रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या विमा योजना आहेतच. इतक्या वाटांनी आलेला पैसा एका तालुक्यात एकत्र किती झाला, हे त्या तालुक्यातल्या माणसाला एका ठिकाणी वाचायला मिळत नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा मोठी आहे आणि ती मान्य करायलाच हवी. पण ३९ टक्के म्हणजे तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये घरातून जातात. ते कर्ज काढून जातात, दागिना मोडून जातात. त्यातला मोठा भाग औषधांचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचा असतो. नेमका हाच खर्च फुले आणि आयुष्मान या विमा योजनांत बसत नाही. त्यांचे पाच लाखांचे कार्ड रुग्ण दाखल झाल्यावर कामी येते. रोजची रक्तदाबाची गोळी आणि दर काही महिन्यांनी करायची साखरेची तपासणी त्या कार्डावर मिळत नाही. ही गोळी वेळेवर मिळाली, तर पुढे रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कित्येकदा टळते. म्हणूनच उपकेंद्राला मिळणारा पैसा मला विम्याच्या पैशाइतकाच, खरे तर त्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हेच म्हटले होते. आरोग्यावरच्या खर्चाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा प्राथमिक सेवेला मिळावा, राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला द्यावी आणि सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर जावा, असे त्यात होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याही आधी, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने सांगून ठेवले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये.

माझी मागणी निधी वाढवण्याचीही आहे, पण त्याआधी हिशेबाची आहे. दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी प्रत्येक जिल्ह्याचा आरोग्य लेखा सोप्या मराठीत प्रसिद्ध करा. केंद्र, राज्य, वित्त आयोग आणि विमा योजना यांच्याकडून किती पैसे आले आणि कोणत्या महिन्यात हातात पडले, हे त्यात असावे. मार्चअखेर किती रक्कम अखर्चित राहिली, हेही असावे. प्राथमिक सेवेवर किती आणि मोठ्या रुग्णालयांवर किती खर्च झाला, तसेच विमा योजनेतून खासगी रुग्णालयांना किती आणि सरकारी रुग्णालयांना किती रक्कम गेली, हे वेगवेगळे दाखवा. हा लेखा एका खात्यापुरता नको. जिल्हा परिषद, आपला विभाग, वैद्यकीय शिक्षण आणि महापालिका या सगळ्यांचा तो एकत्र हवा. तो ग्रामसभेत वाचला जावा आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागावा.

यातली बहुतेक माहिती सरकारी दप्तरात आजही आहे, फक्त ती निरनिराळ्या टेबलांवर विखुरली आहे. ती गोळा करायला नवा कायदा लागत नाही. आपल्या सहीचा एक शासन निर्णय आणि इतर दोन-तीन खात्यांची संमती पुरेशी आहे. येत्या अर्थसंकल्पापूर्वी निदान एका आदिवासी जिल्ह्यापासून सुरुवात कराल का, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला,
सरकारी दवाखान्यावर अवलंबून असलेला एक नागरिक