डॉक्टर मॅडम, तो कितवा आठवडा होता हे विचारल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल आभार आहेतच. हे पत्र मात्र त्याच्या बऱ्याच आधीच्या एका भेटीसाठी आहे, आणि माझ्यासारख्या इतर आयांनाही वाचता यावं म्हणून उघड लिहितेय.

मुलीच्या तोंडातली टाळू दुभंगलेली आहे हे ती जन्मल्यावरच कळलं. ओढून दूध पिता येईना, पाजलेलं नाकातून बाहेर यायचं. ओठ अखंड असला की टाळूतली फट सोनोग्राफीत बऱ्याचदा सुटते, हेही तुमच्याकडूनच समजलं. तोवर हे कशामुळे झालं याची चौकशी जोरात सुरू झाली होती. पाचव्या महिन्यात तापावर घेतलेली गोळी, सहाव्यातला प्रवास, जिन्यावरून पाय घसरला तो दिवस. उलटतपासणी घेणाऱ्यांत मीच सगळ्यांत पुढे होते.

तुम्ही एवढंच विचारलंत, ‘हे सगळं कितव्या आठवड्यात?’ मग म्हणालात, ‘जीभ टाळूला लावा आणि मधोमध मागे न्या. बारीक रेघ लागते?’ लागली. तो सांधा, प्रत्येकाच्या तोंडात असतो. टाळूचे दोन भाग सुरुवातीला जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. सातव्या-आठव्या आठवड्यात जबडा वाढतो, जीभ खाली सरकते आणि ते वर उचलले जाऊन आडवे होतात. मध्ये एकमेकांना भिडतात, जुळतात. बाराव्या आठवड्यापर्यंत काम आटोपतं. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा साधारण आठवडाभर उशिरा होतं, म्हणून नुसती टाळू दुभंगणं मुलींत जास्त. (हे आठवडे गर्भ राहिल्यापासूनचे. रिपोर्टवर पाळीपासून मोजतात, तिथे दोन वाढवायचे. माझा अर्धा गोंधळ याच हिशोबाचा होता.)

म्हणजे पाचव्या महिन्यातली गोळी यात बसतच नव्हती.

‘मग औषधांनी काहीच होत नाही का?’ असं मी लगेच विचारलं, आणि तुम्ही मला खूश करायला ‘नाही’ म्हणाला नाहीत. थॅलिडोमाइडचं सांगितलंत. 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आलेलं, मळमळीवर गरोदर बायकांनी घेतलेलं औषध. 1961 च्या अखेरीस ते तिथे मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात हजारो बाळं आखूड किंवा अर्धवट हातापायांची जन्मली होती. घात झाला तो मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांच्या आसपास. तिसरा ते आठवा आठवडा हाच सगळ्यांत नाजूक, कारण अवयवांची मांडणी तेव्हाच होते. हृदय बाविसाव्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागतं, आठव्या आठवड्याअखेर बोटं सुटी झालेली असतात.

‘मग माझ्या मुलीचं कारण काय?’ यावर तुम्ही म्हणालात, ‘सांगता येणार नाही.’ शंभरातल्या दोन-तीन बाळांत काही ना काही मोठं जन्मजात व्यंग असतं, आणि निम्म्याहून अधिक वेळा नेमकं एक कारण सापडत नाही. तोपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाकडे कारण तयार होतं. शिकलेलं माणूस ‘सांगता येणार नाही’ म्हणालं, तेव्हा कुठे मला झोप लागली.

पुढच्या वेळेसाठी फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू करा, हेही बजावलंत. मज्जारज्जू आणि मेंदू ज्या नळीपासून बनतात ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. त्याने टाळूची हमी मिळत नाही, हे तुम्ही न विचारता सांगितलंत.

टाळू दुभंगलेल्या बाळांच्या कानात पाणी साठतं, म्हणून ऐकण्याची तपासणी चुकवू नका म्हणाला होतात. ती परवाच करून घेतली, रिपोर्ट घेऊन पुढच्या आठवड्यात येतोय. ती आता ‘बाबा’ म्हणते, ‘ब’ अजून नाकातून येतो.

तुमची,
एका छोट्या पेशंटची आई